बाळंतपणानंतरची डोकेदुखी आणि मेंदूच्या शिरेतली गुठळी

प्रश्न विट्याहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंची धाकटी बहीण, वय २६, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सिझेरियन झालं, बाळ चांगलं आहे. आठव्या-नवव्या दिवसापासून तिचं डोकं दुखायला लागलं. मणक्यातल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे दुखतं, जाईल हळूहळू, असं सगळ्यांनी सांगितलं आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या चालू राहिल्या. पंधराव्या दिवशी पहाटे तिला फीट आली, पाठोपाठ दुसरी आली, आणि उजवा हात लुळा पडला. एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी आणि शेजारी रक्तस्राव असं निघालं. आता रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत. ताई विचारतात: डोक्यात रक्त सांडलेलं असताना रक्त पातळ कसं करतात? हे कशामुळे झालं? सासरकडचे म्हणतात पोरीच्या अंगातच दोष होता, तसं आहे का? बाळाला दूध पाजायचं का? आणि पुढे मूल होईल का?

ताई, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. रक्तस्राव दिसत असताना रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं जातंय, यात तिच्या डॉक्टरांची काही गफलत नाही. या आजारावरचं मुख्य औषध तेच आहे. ते बंद करा म्हणून आग्रह धरू नका आणि कुणी नातेवाइकाने धरला तर त्याला माझं हे उत्तर वाचून दाखवा.

आपण ज्याला लकवा किंवा पॅरालिसिसचा झटका म्हणतो, तो बहुतेक वेळा मेंदूकडे रक्त नेणारी धमनी तुंबल्यामुळे किंवा फुटल्यामुळे येतो. असे रुग्ण साधारणपणे पन्नाशी-साठीचे, बीपीचे, साखरेचे, तंबाखूचे. तुमच्या बहिणीचं तसं नाही. तिच्या मेंदूकडे रक्त नीट जातंय, अडलाय तो परतीचा रस्ता. मेंदूतलं वापरलेलं रक्त लहान शिरांतून कवटीच्या आतल्या मोठ्या वाहिन्यांत येतं. त्यातली सगळ्यात मोठी कपाळापासून मागच्या बाजूपर्यंत डोक्याच्या मधोमध जाते, तिथून दोन फाटे दोन्ही कानांमागे वळतात आणि मानेतल्या शिरांतून रक्त हृदयाकडे उतरतं. यातल्या कुठल्याही भागात गुठळी झाली की मागचं रक्त तुंबतं.

सांगलीकरांना हे समजवायला मला फार कष्ट पडत नाहीत. २०१९ च्या पुरात गावभागात, मारुती रोडला पाणी आलं ते पावसाचं थेट कमी आणि नाल्यांतून उलटं चढलेलं जास्त. कृष्णेची पातळी वर, मग गावातल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नाही. मेंदूतही तेच होतं. पुढे वाट बंद, मागून रक्त येतच राहतं, लहान शिरांवरचा दाब वाढत जातो, आसपासचा भाग सुजतो आणि शेवटी त्या नाजूक शिरा पाझरायला लागतात. स्कॅनवर जो रक्तस्राव दिसतो तो हा. त्याचं मूळ गुठळीत आहे. गुठळी वाढायची थांबली आणि वाट मोकळी व्हायला लागली की दाब उतरतो, आणि रक्तस्राव वाढण्याचं कारणच कमी होतं.

हे नुसतं तर्काने ठरलेलं नाही. १९९१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशा २० रुग्णांवर अभ्यास केला. दहांना हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन, दहांना नुसतं औषधासारखं दिसणारं काहीतरी. हेपॅरिनवाल्यांत एकही दगावला नाही, आठजण पूर्ण बरे झाले. दुसऱ्या गटात तिघे गेले. फरक इतका ठळक होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हेपॅरिन मिळालेल्यांत आधीच रक्तस्राव झालेले रुग्णही होते. संख्या लहान होती हे खरं, पण त्यानंतरच्या तीसेक वर्षांत जगभर हाच मार्ग टिकून आहे.

आता डोकेदुखीबद्दल, कारण मला या उत्तरात सगळ्यात जास्त तेच सांगायचंय.

या आजारात शंभरातल्या जवळजवळ नव्वदजणींना डोकेदुखी असते. बहुतेकींत तीच पहिली खूण असते आणि फीट, हातापायाची कमजोरी हे सगळं त्यानंतर, कधी दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी येतं. म्हणजे आजार सांगून येतो, मध्ये चांगली सवड देतो. ती सवड आपल्याकडे वाया जाते, कारण बाळंतिणीचं डोकं दुखण्याला प्रत्येकाकडे एक तयार कारण असतं. जागरण झालं. गार वारा लागला. कानाला बांधलं नव्हतं. बीपी असेल. आणि सिझेरियन झालं असेल तर मणक्यातलं इंजेक्शन.

मणक्यातल्या इंजेक्शनची डोकेदुखी खोटी नाही, ती असते. पण तिचा स्वभाव ठरलेला आहे. ती इंजेक्शननंतर पहिल्या चार-पाच दिवसांत सुरू होते. उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थोड्या वेळात उतरतं. बाळाला पाजायला बसलं की रडू येतं आणि उशीवर डोकं टेकलं की बरं वाटतं. आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत ती जाते. शिरेतल्या गुठळीची डोकेदुखी बहुतेक वेळा याच्या उलट वागते. आडवं झाल्यावर वाढते, पहाटे जास्त असते, खोकलं, शिंकलं, वाकलं, शौचाला जोर केला की कवटीत दाब भरल्यासारखं होतं. गोळी घेतली की तासभर कमी आणि परत तेवढीच. दिवसागणिक चढत जाते. आणि एक गोष्ट डॉक्टर मंडळींनीही ध्यानात ठेवावी: सुरुवातीला उठल्या-बसल्यावर दुखणारं डोकं नंतर आडवं झाल्यावरही दुखायला लागलं, म्हणजे त्याने स्वभाव बदलला, तर तिथे थांबून नव्याने विचार करायचा. मणक्याचं इंजेक्शन हे स्वतःच या गुठळीचं एक निमित्त होऊ शकतं, त्यामुळे एकीला दोन्ही असू शकतात.

तुमच्या बहिणीचं दुखणं आठव्या-नवव्या दिवशी सुरू झालं असं तुम्ही लिहिलंय. इतक्या उशिरा सुरू होणारी डोकेदुखी इंजेक्शनच्या खात्यावर टाकताना हात आखडायला हवा.

डोकेदुखीसोबत आणखी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. अंधूक दिसणं, वाकल्यावर किंवा उठताना डोळ्यांपुढे क्षणभर अंधार येणं, एकाचे दोन दिसणं. सारख्या उलट्या. एका हाताला किंवा अर्ध्या तोंडाला मुंग्या. शब्द न सुचणं. किंवा बाई नुसतीच सुस्त होणं, हाक मारली तर ‘हो’ म्हणून परत डोळे मिटणं, बाळ रडतंय तरी तिकडे लक्ष नसणं. मेंदूच्या आतल्या खोल शिरांत गुठळी झाली तर हात-पाय चांगले राहून वागणंच बदलतं, आणि मग घरात बाहेरचं झालं, दृष्ट लागली, बाधा झाली अशी चर्चा सुरू होते. कुणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा.

अशी बाई समोर आली की मी आधी खोलीतला दिवा कमी करून तिच्या डोळ्यांत बघतो. बाहुलीतून आत पाहिलं की दृष्टीची नस जिथे डोळ्यात शिरते तो गोल ठिपका दिसतो. एरवी त्याची कड रेखीव असते. कवटीतला दाब वाढला की ती कड पुसट होते, ठिपका फुगतो, आसपासच्या शिरा जाड आणि वेड्यावाकड्या दिसतात, कधी बाजूला रक्ताचे बारीक ओरखडे. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. तिकडे सूज दिसली तर मी साध्या गोळ्यांवर तिला घरी पाठवत नाही. मात्र सूज नाही म्हणून गुठळी नाही, असंही धरत नाही.

तपासण्यांतही एक पेच आहे. जत, आटपाडी, पाटण, माण अशा लांबच्या तालुक्यांतून पेशंट येतो तेव्हा हातात बहुधा साधा सीटी स्कॅन असतो आणि त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. घरच्यांचा जीव भांड्यात पडलेला असतो. साध्या सीटीत या आजाराची खूण बऱ्याच रुग्णांत दिसतच नाही. शिरा बघायच्या तर शिरांचंच चित्र काढावं लागतं, त्याला व्हेनोग्राफी म्हणतात. एमआरआयसोबत करता येते, ते नसेल तर रंगद्रव्य देऊन सीटीवरही करता येते. सांगली-मिरज, कराड, सातारा इथे दोन्ही सोयी आहेत. अडचण मशीनची कमी आणि चिठ्ठीवर तो एक शब्द लिहिण्याची जास्त. म्हणून बाळंतिणीची डोकेदुखी न हटणारी असेल तर नातेवाइकांनी सरळ विचारावं, ‘डॉक्टर, शिरांची व्हेनोग्राफी करायला हवी का?’ विचारण्यात कसला अपमान नाही. तपासायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी तंत्रज्ञाला ‘अमुक दिवसांची बाळंतीण, शिरेतल्या गुठळीची शंका’ एवढं कळवलं तर तपासणी योग्य पद्धतीने होते.

बाळंतपणानंतरच्या फीटला आपल्याकडे बीपीची फीट समजायची सवय आहे, आणि ते बऱ्याचदा बरोबरही असतं. पण बीपी नॉर्मल, लघवीत प्रथिनं नाहीत, पायाला सूज नाही आणि तरी फीट आली, तर शिरांचं चित्र काढल्याशिवाय सोडू नये.

आता कशामुळे झालं याकडे येतो.

बाळंतपणात रक्त जाऊन बाई दगावू नये म्हणून निसर्गच गरोदरपणात रक्त गोठण्याची ताकद वाढवून ठेवतो. गोठवणारे घटक वाढतात, गोठण्याला लगाम घालणारं प्रोटीन एस कमी होतं. बाळंतपण झालं की हे लगेच पूर्ववत होत नाही, सुमारे सहा आठवडे लागतात, आणि त्यातले पहिले दोन-तीन आठवडे जास्त जोखमीचे. आपला सव्वा महिना आणि हा काळ जवळजवळ एकच आहे. म्हणजे तुमच्या बहिणीच्या अंगात कसलातरी चमत्कारिक दोष होता असं धरायचं कारण नाही. प्रत्येक बाळंतीण त्या दिवसांत थोडी या बाजूला झुकलेली असते.

या झुकलेल्या तराजूत मग आपण आणखी वजनं टाकतो. पहिलं म्हणजे पाण्याचं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं, टाके पिकतात, असं अजून घरोघरी सांगितलं जातं. त्यात बंद खोली, शेक-शेगडी, धुरी, डोक्याला-कानाला घट्ट फडकं, आणि मार्च-एप्रिलचं ऊन. आटपाडी-जतकडच्या उन्हाळ्यात हे सगळं केलं तर बाई चांगलीच सुकते. वर ती दिवसातून आठ-दहा वेळा दूध पाजत असते, त्याचं पाणीही तिच्याच अंगातून जातं. आजीच्या हातचे डिंकाचे, अळिवाचे लाडू, तेल-मालीश, शेपूची भाजी यांना माझी हरकत नाही. हरकत पाण्यावरच्या बंदीला आहे. बाळंतिणीला तहान लागेल तेवढं आणि त्याहून थोडं जास्त पाणी द्या, प्रत्येक वेळी बाळाला घेताना शेजारी तांब्या असू द्या. पाण्याने टाके पिकत नाहीत.

दुसरं वजन रक्त कमी असण्याचं. लोहाच्या कमतरतेतही गुठळीचा धोका वाढतो, हे लोकांना उलटं वाटतं. रक्त कमी म्हणजे ते पातळ, मग गोठेल कसं? पण तसं होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून अधिक जणी हे वजन घेऊनच बाळंतपणाला येतात. कानातून पू येणं, सायनसचा जंतुसंसर्ग, बाळंतपणानंतरचा ताप, यांनीही गुठळी होऊ शकते. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता आणि त्यामुळे रक्तात वाढणारं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य हे एक सोपं, दुरुस्त होणारं कारण सापडतं.

उरलेलं कारण बाळंतिणीचं नाही, पण त्यावर बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या.

आपल्या भागात देवाधर्माचं वर्ष भरलेलं आहे. पौषात मांढरदेव, चैत्रात शिखर शिंगणापूर, आषाढात वारी, मग गौरी-गणपती, नवरात्र. शिवाय घरातली लग्नं, वास्तुशांती. प्रत्येक वेळी कुठलीतरी सून, लेक, जाऊ मेडिकलमध्ये जाते आणि गोळ्यांची पट्टी घेऊन येते. चिठ्ठी नाही, तपासणी नाही, कधी ती स्वतःही जात नाही, घरचा पुरुष जाऊन आणतो. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं, पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. नावाला हे एस्ट्रोजेन नाही. पण एवढ्या मात्रेत त्यातला थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळीत जे एस्ट्रोजेन असतं तेच तयार होतं. एस्ट्रोजेनने रक्त गोठण्याकडे झुकतं. त्यावर नऊ दिवसांचा उपास, प्रवासात लघवीची सोय नाही म्हणून पाणीच न पिणं, उन्हात रांगेत उभं राहणं, आणि आधीचंच कमी रक्त. हे सगळं एकाच आठवड्यात एकाच बाईच्या वाट्याला येतं.

म्हातारी नसलेली, बीपी-शुगर नसलेली बाई डोकेदुखी किंवा फीट घेऊन आली की मी विचारतो, कुठली गोळी चालू आहे का? उत्तर ठरलेलं: ‘नाही, कसलीच नाही.’ ती खोटं बोलत नसते. बीपीची, शुगरची ती औषधं, पाळीची गोळी ही तिच्या मते औषध नसतेच. मग मी प्रश्न बदलतो. इतक्यात कुठे देवाला गेला होता का? घरात काही कार्य होतं का? पाळी कधी यायची होती? तेव्हा ती सासूकडे बघते, सासू खाली बघते, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून अर्धी संपलेली पट्टी बाहेर येते. ॲल्युमिनियमच्या पाठीवर नाव अर्धं फाटलेलं. मला त्या एका पट्टीतून जेवढं कळतं तेवढं बाकीच्या कागदांतून कळत नाही. म्हणून घरच्यांनी पट्टी फेकू नये, लपवू नये, दवाखान्यात आणावी.

घाबरवायचा हेतू नाही. हा आजार दुर्मीळच आहे. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या पाहणीत तो वर्षाला लाखामागे एक-दीड माणसाला होताना आढळला, आणि ३१ ते ५० वयाच्या बायकांत लाखामागे पावणेतीनच्या आसपास. गोळ्यांनी ही जोखीम काही पटींनी वाढते, तरी गोळी घेणाऱ्या बहुसंख्य बायकांना काहीच होत नाही. गर्भनिरोधक गोळी हे अनेकींसाठी चांगलं साधन आहे आणि नको असलेल्या गरोदरपणातली गुठळीची जोखीम गोळीपेक्षा कमी नसते. माझं म्हणणं एवढंच, की आधी कधी पायात किंवा कुठेही गुठळी झाली असेल, सख्ख्या नात्यात कुणाला तरुणपणी झाली असेल, वजन बरंच जास्त असेल किंवा बाळंतपणाला सहा आठवडेही झाले नसतील, तर कुठलीही हार्मोनची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नये. आणि घेतल्यावर डोकं धरलं, ते दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवावं. खरं सांगू का, देवाच्या दारात पाळीचा विटाळ मानायचा की नाही हे घराने बसून ठरवावं. त्या बाईच्या मेंदूवर ते ओझं टाकू नये.

हा फक्त बायकांचा आजार आहे असं मात्र नाही. पाश्चात्त्य देशांत बायका पुरुषांच्या तिप्पट दिसतात, पण हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटने ४२८ रुग्णांची नोंद २०१२ साली प्रसिद्ध केली तेव्हा त्यात पुरुष निम्म्याहून किंचित जास्त निघाले. लसीबद्दलही लोक विचारतात. कोरोनाच्या काही लसींनंतर मेंदूच्या शिरांत गुठळ्या झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं होतं, ते फार क्वचित आणि लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच. आजच्या डोकेदुखीचा त्या जुन्या लसीशी संबंध जोडू नये.

सासरच्यांच्या ‘दोषा’बद्दल. काहींच्या रक्तात जन्मतः गोठण्याचा कल जास्त असतो. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन कमी असणं, फॅक्टर फाइव्ह लायडेन, अशी त्यांची नावं. अँटिफॉस्फोलिपिड हा नंतर होणारा प्रकार आहे, त्यात वारंवार गर्भपात होतात, म्हणून तो बघणं महत्त्वाचं. पण या तपासण्या आत्ता घाईने करू नका. ताजी गुठळी, नुकतंच झालेलं बाळंतपण आणि चालू औषधं या तिन्हींमुळे आकडे चुकतात आणि भलताच शिक्का बसतो. तिच्या डॉक्टरांना योग्य वेळ ठरवू द्या. आणि काही निघालंच तरी तो तिचा गुन्हा नाही, तिच्या भावंडांनी जाणून घ्यायची माहिती आहे. तुम्हीसुद्धा.

आता पुढचे दिवस. पोटात दिली जाणारी इंजेक्शनं वजनाप्रमाणे, बहुधा दिवसातून दोनदा असतात. प्रकृती स्थिरावली की तोंडाने घ्यायचं औषध सुरू होतं. बाळ अंगावर पीत असेल तर हेपॅरिनची इंजेक्शनं आणि वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची जुनी गोळी, दोन्हीवर दूध पाजता येतं. डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान ही नवी औषधं या आजारात चांगली चालतात असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय, पण दूध पाजणाऱ्या आईला ती देत नाहीत. तेव्हा औषध बदलण्याआधी ‘ती दूध पाजते’ हे प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा. साधारण तीन ते सहा महिने औषध चालतं, बाळंतपणासारखं तात्पुरतं निमित्त असेल तर. कारण सापडलं नाही तर वर्षभरापर्यंत, आणि काही मोजक्या दोषांत कायमचं.

वॉरफरिन चालू असताना आयएनआर नावाची रक्ताची तपासणी वेळेवर व्हायला हवी, आकडा दोन ते तीनमध्ये ठेवायचा असतो. इथे बाळंतिणीच्या जेवणाचा संबंध येतो. मेथी, शेपू, पालक यांत के जीवनसत्त्व (‘क’ नव्हे, ‘के’) भरपूर असतं, आणि ते वॉरफरिनच्या उलट काम करतं. म्हणून भाज्या बंद करू नका, पण एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नका. रोजचं प्रमाण सारखं ठेवा. कंबर दुखते म्हणून कुठेही कंबरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, आत रक्त साकळतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. काढे आणि पुड्यांचंही तेच.

फीटच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका, त्या बहुधा काही महिने चालतील. तोवर तिने बाळाला एकटीने आंघोळ घालू नये, पाजताना पलंगाच्या कडेला न बसता खाली गादीवर भिंतीला टेकून बसावं, आणि रात्री कुणीतरी जोडीला असावं. जागरणाने फीट येते, त्यामुळे मधल्या एखाद्या पाजण्याची जबाबदारी काढून ठेवलेल्या दुधावर तुम्ही घ्या, तिला सलग चार-पाच तास झोपू द्या. महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांची तपासणी पुन्हा करून घ्या. हात बरा होतो पण दृष्टीकडे कुणी बघत नाही, असं होतं.

हात येईल का, हे तुम्ही थेट विचारलं नाही, पण मनात असणारच. धमनीच्या झटक्यापेक्षा या आजारात मेंदू जास्त सावरतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात शंभरात जवळपास ७९ जण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले. तुमची बहीण तरुण आहे, उपचार सुरू झालेत. फिजिओथेरपी आजपासून, रोज. बोटं आधी जड वाटतील, बाळाचं लंगोट बांधणं जमणार नाही, तिची चिडचिड होईल. तिच्या हातून काम काढून घेऊ नका, वेळ द्या.

पुढचं मूल होऊ शकतं. या आजाराने पुन्हा गरोदर राहायला बंदी येत नाही. फक्त वॉरफरिन चालू असताना गरोदर राहू नये, कारण पहिल्या तीन महिन्यांत त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं. तोवर तांबी किंवा निरोध वापरावा. माला-डीसारख्या एस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आणि पाळी ढकलायच्या गोळ्या तिला आता आयुष्यभर नकोत. पुढच्या वेळी पाळी चुकली की त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांना दाखवायचं. बहुधा गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे हेपॅरिनचं छोट्या मात्रेचं इंजेक्शन द्यावं लागेल. ते आईच्या नाळेतून बाळाकडे जात नाही.

एक विनंती आशाताईंना, कारण ही उत्तरं त्याही वाचतात. बाळंतीण घरी गेल्यावर तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्या घरी जाता. या आजाराचा काळ बरोबर तोच आहे. बाळाचं वजन आणि ताप बघून झाला की आईला तीन प्रश्न विचारा: डोकं दुखतं का, आडवं झाल्यावर जास्त दुखतं का, दिसायला काही फरक पडलाय का. पहिल्यासोबत दुसऱ्या किंवा तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. फीट आली असेल किंवा ती गुंगीत असेल तर १०८ ला फोन करून थेट एमआरआयची सोय असलेल्या ठिकाणी न्यायला सांगा. ताई, तुमच्या बहिणीचा एमआरआय सीडीवर मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डासोबत एका पिशवीत ठेवा, तीन महिन्यांनी दुसऱ्या व्हेनोग्राफीशी तो ताडून बघावा लागेल.